चाकाखालचा ठोकळा

मी आयुष्यात एकच यंत्र स्वतःच्या डोक्यानं बनवलं. ते साठ-सत्तर पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चाललं, आणि त्यानंतर मी दुसरं बनवलं नाही. पुढे तीस वर्षं आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवलं. दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर ‘आधी सुरक्षितता’ असं मोठ्या अक्षरात लिहायचो आणि खाली दोन रेघा ओढायचो. मुलांना वाटायचं, सर फार शिस्तीचे. ती शिस्त कुठून आली, हे मी कुणाला सांगितलं नाही. परवा जावयानं नवी गाडी आणली. ब्रह्मपुरीच्या आमच्या घरासमोर ती उभी केली, आत येऊन सोफ्यावर बसला, आणि खिशातून फोन काढून नुसतं बोट लावलं तर बाहेर गाडी सुरू झाली. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र हातातला चहा सांडत दारापर्यंत धावलो आणि ओरडलो, “अरे, गिअर पाहिला काय?” सगळे माझ्याकडे बघायला लागले. जावई समजुतीनं म्हणाला, “बाबा, आता तसं राहत नाई जी.” मुलीनं माझ्या गोळ्यांची वेळ विचारली. त्या दिवशी ठरवलं की हे प्रकरण आता लिहून टाकायचं. अर्थात ठरवणं आणि लिहिणं यांच्यामध्ये एक प्रवास झाला, तो शेवटी सांगतो.

आयटीआय झाल्यावर मला लगेच नोकरी मिळाली नाही, म्हणून आईनं मला कुरखेड्याला तिच्या भावाकडे धाडलं. मामा जंगलातला माल घ्यायचा. मोहफुलं, हिरडा, बेहडा, चारोळी, डिंक, काय येईल ते. घर म्हणजे पुढे लांब ओसरी, मागे कोठार, आणि दोन्हींच्या मध्ये माणसांनी राहायचं. सकाळी जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. अंगणात चार बाया चारोळी काढायला चाराच्या झाडाच्या बिया भरडत बसायच्या, आणि एकीचं गाणं थांबलं की दुसरीची तक्रार सुरू व्हायची. घरभर मोहाचा गोड, जरा आंबूस वास. पहिल्या आठवड्यात मला त्यानं डोकं चढायचं, दुसऱ्या आठवड्यापासून तो नसला की चुकल्यासारखं वाटायला लागलं. मामी लाखोळीच्या डाळीचे वडे तळायची आणि गरम भातावर कुस्करून वर कच्चं तेल सोडायची. जवसाची चटणी असायची, अंबाडीची भाजी असायची, आणि रात्रीच्या उरलेल्या भाताची पेज सकाळी आधी चैतूभाऊंना मिळायची, मग मला. मामीचा हा क्रम मला आवडत नव्हता. मी आयटीआयचा सर्टिफिकेटवाला, आणि पेज आधी ड्रायव्हरला. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्या पेजेच्या वाडग्यावरून मी मनात बरंच काही साठवलं होतं.

चैतूभाऊ म्हणजे मामाच्या पिकअपचे ड्रायव्हर. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, कुरखेड्यापुढच्या जंगलातल्या एका गोंड टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे. बोलायचे कमी, आणि जे बोलायचे ते गाडीविषयी. गाडी लिलावात घेतलेली होती. पुढून जीप, मागे माल भरायचा हौदा, मूळचं इंजिन कधीच गेलेलं आणि त्याजागी कुणीतरी डिझेलचं बसवलेलं. दारं मामानं पत्र्याची करून घेतली होती, त्यांना कुलूप होतं, याचा त्याला अभिमान होता. हँडब्रेकचा दांडा होता, पण तो पिशवी अडकवायच्या कामाचा. त्यामुळे चैतूभाऊ गाडी थांबवली की पहिल्या गिअरमध्ये टाकायचे, उतरायचे, आणि हौद्यातून सागाचा एक पाचरीसारखा ठोकळा काढून चाकाखाली सरकवायचे. तो ठोकळा त्यांनी स्वतः तासला होता. वापरून वापरून त्याला तेल लावल्यासारखी झळाळी आली होती. आमच्या भागात जुनी गाडी चालवणारा प्रत्येक जण असंच करायचा. गिअर आणि ठोकळा. हँडब्रेकवर भरवसा ठेवणारा माणूस नवखा समजला जायचा.

माझ्या बाबांचं ब्रह्मपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानात कुणीतरी मुंबईहून आणलेली एक खेळण्यातली मोटार दुरुस्तीला टाकून गेलं होतं. हातातल्या डबीवरचं बटण दाबलं की तारेशिवाय पळणारी. तिचा मालक परत आलाच नाही. ती मोटार मी उघडून पाहिली, आणि तिथून माझं डोकं फिरलं. डबीचं बटण दाबलं की मोटारीच्या पोटात एक छोटी मोटर फिरते. त्या मोटरऐवजी एक रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच, लावला, आणि त्या रिलेनं पिकअपचा स्टार्टर ओढला, तर? तेव्हा कुरखेड्यात टीव्हीसुद्धा कुणाकडे नव्हता. रिमोट हा शब्द मी मामाला समजावून सांगितला तेव्हा त्यानं दोनदा विचारलं, “म्हणजे मी इथी ओसरीवर च्या पित बसीन, आन् गाडी तिथी सुरू होईन?” मी म्हटलं, हो. थंडीत ती गाडी गरम व्हायला फार वेळ घ्यायची, आणि मागच्याच महिन्यात कुणीतरी तिची बॅटरी काढून नेली होती. मी मामाला एकाच दमात दोन्हींवर इलाज सांगितला. दुरून सुरू करायचं यंत्र, आणि कुणी हात लावला तर भोंगा.

काम आठ दिवस चाललं. गाडीखाली मी उताणा, आणि शेजारी उकिडवे बसलेले चैतूभाऊ. मी तारांना मोठमोठी नावं सांगायचो, ते प्रत्येक तार कुठून निघून कुठे जाते ते बोटानं हवेत रेखून बघायचे. त्यांना एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं, आणि याचाही मला राग येत असे. चाचणीला ते स्वतः सीटवर बसले, गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, मी वीस पावलांवरून डबीचं बटण दाबलं, आणि इंजिन धडधडलं. जात्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. मामी वड्याच्या पिठाच्या हातानं बाहेर आली. मी शास्त्रज्ञासारखा चेहरा केला. चैतूभाऊंनी समोरच्या फळीखालची तार ओढून इंजिन बंद केलं, कारण डिझेलचं इंजिन वीज तोडून थांबत नाही, ती तार ओढावीच लागते. मग ते खाली उतरून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “बाबू, मी आत होतो म्हणून जमलं. एरवी मी गाडी गिअरमधीच ठेवतो. हे ध्यानात ठेवजो.”

मी म्हटलं, हो हो, माहीत आहे मला.

या प्रकरणात मला एवढंच सांगायचं आहे खरं म्हणजे. बाकी सगळं या दोन वाक्यांभोवतीचं आहे.

भोंग्याचं यंत्र त्याहून भारी होतं. तांब्याच्या कड्यात मी एक खिळा टांगला. गाडी हलली की खिळा कड्याला लागणार, आणि हॉर्न वाजणार. दाराच्या फटीतही एक बटण बसवलं. पहिल्याच दुपारी त्यानं एक चोर पकडला. ती मामीची कोंबडी होती, बॉनेटवर उन्हाला बसली होती. मग बकरीनं अंग घासलं. मग वारा सुटला. दोन दिवसांत शेजारच्यांनी मामाला विचारलं की घरी कुणी आजारी आहे काय. मी खिळा थोडा वर घेतला, मग थोडा खाली घेतला. चैतूभाऊ एवढंच म्हणाले, “गाडी भेकड झाली जी. कोंबडीले भेते.” बाया आठवडाभर त्यावर हसत होत्या आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हतो.

मामाच्या मुलीचं साक्षगंध ठरलं तेव्हा मामाच्या मनात एकच गोष्ट होती. पाहुण्यांसमोर गाडी सुरू करून दाखवायची. अंगणात डहाळ्यांचा मांडव घातला. एका कोपऱ्यात तीन चुली पेटल्या, एकीवर पातोडीचा रस्सा, एकीवर भात, एकीवर वड्यांची कढई. थंडी होती, म्हणून नवऱ्या मुलाच्या म्हाताऱ्या आजीला चुलींजवळ खुर्ची टाकून दिली. तिला ऐकू येत नव्हतं, ती सगळ्यांकडे बघून मान हलवत होती. गाडी समोरच्या भिंतीला पाठ करून, तोंड मांडवाकडे. चैतूभाऊंनी सकाळीच ती धुवून, पुसून, नेहमीसारखी उभी केली होती, म्हणजे गिअरमध्ये, आणि पुढच्या चाकाखाली ठोकळा. मग मामानं त्यांना पाणी भरायला पाठवलं आणि चावी स्वतःकडे घेतली.

मी त्या दिवशी नवी बेलबॉटम घातली होती. तिचा घेर एवढा होता की चालताना माझेच पाय मला दिसत नव्हते. गाडीवर एक शेवटची नजर टाकायला गेलो तेव्हा तो ठोकळा दिसला. तारेशिवाय सुरू होणारी गाडी, आणि चाकाखाली लाकूड. मला लाज वाटली. मी वाकून तो ओढून काढला आणि उचलून, मी जिथे उभा राहणार होतो तिथे भिंतीशी ठेवून दिला. ठोकळा काढताना गाडी जराशी, बोटभर, पुढे आली आणि अडली; कोंबडीनंतर वर घेतलेला खिळा मात्र कड्याला लागला नाही. गिअरमध्ये असलेली गाडी अशीच अडते. मला ते कळलं. मी विसरलो नव्हतो. दार उघडून गिअर काढायला हवा, हे माझ्या मनात स्पष्ट आलं होतं. पण चावी मामाकडे, मामा पाहुण्यांच्या घोळक्यात, आणि दार उघडलं की भोंगा वाजणार, सगळ्यांसमोर, खेळ सुरू व्हायच्या आधीच. कोंबडीचं पुन्हा निघालं असतं. मी स्वतःला म्हटलं, मामा हाक मारेल तेव्हा चावी मागून घेऊ. मग मामानं हाक मारली, आणि मी चावी मागितली नाही.

मामानं चावी उंच धरून सगळ्यांना दाखवली. म्हणाला, “पाहा, चावी माह्या हातात हाय. गाडीत कोनीच नाई.” मी बटण दाबलं.

गाडीनं आधी एक उचकी दिली. मग दुसरी. मग इंजिन लागलं, आणि ती पहिल्या गिअरमध्ये, माणूस सावकाश चालावा त्या वेगानं, मांडवाकडे निघाली. खिळा कड्याला लागला आणि हॉर्न सुरू झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं की हेच दाखवायचं होतं. एक काका तर कौतुकानं तिच्या बाजूबाजूनं चालायला लागले. मी बटण पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. माझ्या यंत्रात सुरू करायचंच बटण होतं. बंद करायचं मी पुढच्या आठवड्यात लावणार होतो. मामा पुतळा झाला होता, चावी असलेली मूठ आवळून, आणि ती मूठ त्यानं संध्याकाळपर्यंत उघडली नाही, असं मामी नंतर सांगायची. दोघातिघांनी दार ओढून पाहिलं. मामाची कुलपं चांगली होती. कुणीतरी ओरडलं, बॅटरी तोडा. नवऱ्या मुलाच्या बापानं बॉनेट उचलून तार उपटली. हॉर्न थांबला. इंजिन थांबलं नाही. आता ती गाडी शांतपणे, नुसती धडधडत, चुलींकडे जात होती. स्वयंपाकी पळाला. रश्श्याचं पातेलं कलंडलं. आणि त्यापलीकडे ती आजी, पाठमोरी, शेकत बसलेली.

मी जागचा हललो नाही. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

चैतूभाऊ पाण्याची घागर टाकून आले ते गाडीकडे गेले नाहीत. ते माझ्याकडे आले. एक क्षण मला वाटलं, मारतात. त्यांनी खाली वाकून माझ्या पायाजवळचा ठोकळा उचलला. उचलताना माझ्याकडे पाहिलं. मग धावत जाऊन गाडीच्या पुढे बसले, ठोकळा चाकासमोर टाकला, आणि तो सरकू नये म्हणून त्याच्यामागे स्वतःचं पाऊल चुलीच्या दगडाला टेकवून धरलं. चाक ठोकळ्यावर चढलं, ठोकळा सरकला, इंजिन कण्हलं आणि मेलं. चैतूभाऊ ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “मागं ढकला जी.” पाऊल बाहेर निघालं तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं चेचून गेली होती. आजीनं तेव्हा कुठे मान वळवली आणि एवढे लोक का जमले म्हणून विचारलं.

मग मामाला आवाज फुटला. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, “गाडी गिअरमधी कोनं ठेवली?”

कुणी काही म्हणायच्या आत मी म्हटलं, “मी सांगतलं होतं यायले. न्यूट्रलमधी ठेवजा म्हणून.”

एवढं स्पष्ट आणि एवढ्या लवकर मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन. चैतूभाऊ जमिनीवर बसले होते, मामी त्यांच्या पायाला धोतराचा फडका गुंडाळत होती. त्यांनी वर पाहिलं. मी वाट बघत राहिलो. ठोकळ्याचं ते बोलले असते तर माझं तिथेच संपलं असतं.

“सांगतलं असन बाबूनं,” ते म्हणाले. “माह्याच ध्यानात नाई राह्यलं.”

मागून कुणीतरी म्हणालं, सकाळीच घेतली असेल. आणखी एकानं मान हलवली. मोहाच्या कोठारात वावरणारा जंगलातला माणूस, म्हटल्यावर कुणालाही दुसरं कारण शोधावंसं वाटलं नाही. चैतूभाऊ गाडी चालवायच्या दिवशी कधी घेत नसत. हे मला माहीत होतं, मामाला माहीत होतं, आणि पेज आधी त्यांना देणाऱ्या मामीला तर होतंच. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी माझ्या बेलबॉटमवरचे रश्श्याचे शिंतोडे झटकू लागलो.

मामानं त्यांचा दवाखाना केला, पण कामावर परत घेतलं नाही. पाहुण्यांची मोठी माणसं होती, त्यांना काहीतरी करून दाखवायला हवं होतं. पुढे ‘पिऊन गाडी चालवतो’ एवढं वाक्य कुरखेड्यापासून एटापल्लीपर्यंत त्यांच्याआधी पोचत गेलं. कुणी स्टिअरिंग हातात दिलं नाही. तेंदूपत्ता, दुसऱ्याच्या बांध्यांत धानाची कापणी, असं करत राहिले, असं मी ऐकत होतो. मी ऐकत होतो एवढंच. मला नोकरी लागली, आणि शिफारशीच्या पत्रात मामानं लिहिलं होतं की मुलाचं डोकं यंत्रात फार चालतं.

तर जावयाच्या गाडीनंतर मी मोठा धीर करून बसनं कुरखेड्याला गेलो, तिथून शेअरच्या जीपनं त्यांच्या टोल्यावर. सोबत शाल, सफरचंदं, आणि काय बोलायचं त्याचा कागद. चैतूभाऊ परसात बसून झाडू बांधत होते. मला त्यांनी ओळखलं, “बाबू म्हातारा झाला,” म्हणाले, आणि आता मी बाबू राहिलो नाही याचं त्यांनाच हसू आलं. त्यांची बायको मैनाबाई आणि कॉलेजात शिकणारी नात तिथेच होत्या. मी कागद काढला, चष्मा विसरलो होतो, कागद परत ठेवला, आणि तोंडीच सगळं सांगून टाकलं. गिअरचं, ठोकळ्याचं, खोटं बोलल्याचं. माझा आवाज कापत होता, आणि त्या कापण्याचं मला थोडं समाधानही वाटत होतं, हे कबूल करतो.

ते शेवटपर्यंत झाडूच बांधत होते. मग म्हणाले, “हे मले काऊन सांगून राह्यला? मले तं माहीतच हाय. हिले सांग.”

मैनाबाई हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही माझं नाव का घेतलं नाही. ते म्हणाले, “तू असा थरथरून राह्यला होता का मले वाटलं, आता याले फीट येते. मालक संध्याकाळपर्यंत ठंडा होईन, सकाळी मी कामावर जाईन, असं वाटलं. ते नाई झालं.”

एवढं बोलून ते पुन्हा झाडूकडे वळले. मैनाबाईनं त्यांना विचारलं, “म्हणजे त्या दिवशी तुमी पेले नोहते?”

“नाई म्हणून तं राह्यलो, लगन झाल्यापासून.”

“मी म्हटलं, पेणारे सारेच असं म्हणतेत.” तिनं चाळीस वर्षं प्रत्येक भांडणात हेच काढलं होतं. लेकाच्या लग्नात काढलं होतं, लेकीच्या सासरी काढलं होतं. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं की रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती म्हणाली, “आता मंग भांडनात मी काय काढू?” चैतूभाऊ हसले तेव्हा त्यांचा एकही दात शिल्लक नाही हे मला दिसलं. पण ती हसत नव्हती. शाल तिनं घेतली नाही. सफरचंदं नातीकडे दिली. आणि म्हणाली, “तू आज आला, आज बोलला. उद्या मरशीन. मंग गावाले कोन सांगन? लिहून दे. ही वाचून दाखवीन साऱ्यायले.”

म्हणून हे लिहिलं. लिहिता लिहिता मामीची पेज आली, कोंबडी आली, माझी बेलबॉटम आली, कारण मला सरळ मुद्द्यावर यायची सवय नाही. नातीला वाचायला एवढं सगळं नको असेल तर तिनं मधलं सोडून द्यावं आणि फक्त खालच्या ओळी मोठ्यानं वाचाव्यात.

गाडी गिअरमध्ये आहे हे मला माहीत होतं. चैतूभाऊंनी मला ते आधीच सांगितलं होतं. चाकाखालचा ठोकळा मी काढला. मी त्यांना न्यूट्रलचं काहीही सांगितलं नव्हतं. चैतूभाऊ त्या दिवशी प्याले नव्हते. ते पाणी भरत होते.